उद्याचा ‘ॲ’ कोण बसवणार?

रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले, तेव्हा युनिकोडमध्ये ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर नव्हतं. ते आलं २००८ मध्ये. तयार झालेल्या फॉन्टमध्ये मग कुणीतरी पुन्हा हात घालणं भागच होतं: आकार काढायचा, बसवायचा, तपासायचा. नाहीतर ‘ॲसिड’ लिहिताना पहिल्या अक्षराच्या जागी रिकामी चौकट. ‘दऱ्या’मधला आडवा र तर हिंदीत लागतच नाही, त्यामुळे सगळ्या देवनागरीसाठी म्हणून काम करणाऱ्यांच्या हातून तो सहज सुटतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक मराठी माणसालाच खटकतो आणि दुरुस्तही त्यालाच करावा लागतो.

फॉन्ट, शुद्धलेखन तपासणारे शब्दसंग्रह, कळफलक, फायरफॉक्स किंवा लिब्रेऑफिसचं मराठीकरण ही आपल्या भाषेची सामाईक मालमत्ता आहे. ती मोजक्या माणसांनी, बरेचदा नोकरी सांभाळून, उभी केली आहे. अशा प्रकल्पाच्या भवितव्याची चर्चा निघाली की पहिल्यांदा नव्या सुविधांची यादी होते. मला ती यादी दुय्यम वाटते. आज जो माणूस हे सांभाळतो, तो उद्या नसला तर पासवर्ड कुणाकडे आहे, हे आधी ठरायला हवं.

हा प्रश्न किती गंभीर आहे, ते ‘एक्सझेड’ने दाखवलं. फायली आकसवणारं हे साधन जगभरच्या लिनक्स संगणकांवर असतं. फिनलंडचा लासे कॉलिन ते जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळत होता. तो थकला होता. कामाला वेग नाही, दुसऱ्याकडे सोपवा, असा तगादा सुरू झाला, तेव्हा त्याने तसं उघड लिहिलंही. त्याच सुमारास ‘जिआ तान’ या नावाने एक मदतनीस पुढे आला होता. तो दोनेक वर्षं नेटाने काम करत राहिला, त्याने विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खटकलं, म्हणून तो चोरदरवाजा उघडकीस आला. कॉलिनला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. सगळ्यांनी वापरायचं आणि एकट्याने सांभाळायचं, ही व्यवस्थाच चुकीची होती.

आमच्या कराडच्या पंचक्रोशीला तरी सामाईक मालमत्ता कशी चालवायची, हे नव्याने शिकवायची गरज नाही. साखर कारखाना, विकास सोसायटी, पतसंस्था, सगळीकडे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा होते. अहवाल छापला जातो, ताळेबंद मांडला जातो, लेखापरीक्षक नेमला जातो, आणि दहा गुंठेवाला सभासदही उठून प्रश्न विचारतो. सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाला नेमकं हेच हवं. वर्षातून एकदा अहवाल: काय झालं, काय राहिलं, कोण काय सांभाळतं. प्रत्येक जबाबदारीला दुसरं नाव. संकेतस्थळाचं नाव आणि सर्व्हर यांचं वार्षिक शुल्क फार नसतं, पण ते कुणा एकाच्या खासगी कार्डावरून जात असेल, तर तो माणूस दूर झाल्यावर सगळंच बंद पडू शकतं.

सहकारात एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्या राहिल्या, हेही आपण पाहिलं आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्यावर उतारा आहे: न पटणाऱ्याने मूळ संहिता (सोर्स कोड) घ्यावी आणि वेगळी चूल मांडावी. लोहितला २०११ पासून असलेला मुक्त फॉन्ट परवानाही ती मुभा देतो. पण जिथे मुळात चारच हात आहेत, तिथे दोन-दोन वाटून कुणाचंच भलं होत नाही. म्हणून मला भांडून का होईना, एका सभेत बसणं बरं वाटतं.

माणसं कुठून आणायची? कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. तिथे दरवर्षी एक तुकडी बाहेर पडते आणि पुढची काम हाती घेते, म्हणजे सुपूर्द करण्याची सवय आयतीच आहे. त्यांच्या हाती एकदम मूळ संहिता देऊ नये. ‘तऱ्हा’, ‘पुऱ्या’, ‘ॲप’ असे शब्द प्रत्येक नव्या आवृत्तीत नीट दिसतात का, हे पाहण्यापासून सुरुवात व्हावी. शेजारी एक कायमचा माणूस मात्र हवाच. मराठी विश्वकोशाचं काम वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलं. पहिला खंड १९७६ चा, तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेले, आणि तरी विसावा खंड २०१५ मध्ये निघाला. तिथे मंडळ होतं, कार्यालय होतं, पगारी संपादक होते. आपल्या शब्दसंग्रहांना यातलं थोडं तरी मिळावं, आणि राज्य शासनाने त्यासाठी नियमित तरतूद करावी, असं मला मनापासून वाटतं.

एवढं करूनही कुणी मिळालं नाही, तर तेही उघडपणे जाहीर करावं: अमुक तारखेपासून दुरुस्त्या होणार नाहीत. संहिता, शब्दयाद्या आणि परवाना एकत्र ठेवून ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’सारख्या सार्वजनिक संग्रहात जमा करावं, आणि कोणत्या चुका माहीत असूनही राहून गेल्या, त्यांची यादी मराठीत लिहून सोबत जोडावी.