जग बुडीत खाती

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छातीठोक सांगणारी आम्ही माणसं. तेव्हा जग बुडाल्यावर काय होतं, यावर दोन शब्द बोलायचा अधिकार आम्हालाही असावा. निमित्त, भाच्याच्या कपाटात सापडलेलं ‘रामायण ३३९२ एडी’ हे चित्रपुस्तक. व्हर्जिन कॉमिक्सनं २००६ साली काढलेलं. लेखन शमिक दासगुप्तांचं, चित्रं अभिषेक सिंग यांची. अणुयुद्धात पृथ्वी भाजून निघाली आहे, उरलीसुरली माणसं आर्मगढाच्या आसऱ्याला आहेत आणि आपले राम-लक्ष्मण तिथले योद्धे.

चित्रं म्हणाल तर लाजवाब! एकेक पान चौकट करून बैठकीत लावावं असं. (‘लावा,’ सौ. म्हणाली, ‘पाहुणे चहा न घेताच पळतील.’) गोष्ट मात्र लंगडी. एक लढाई संपते न संपते तोच दुसरी. कोण मेलं, कशापायी मेलं, हे कळायच्या आत पान उलटतं.

‘मामा, एवढं भारी बघायला मिळतंय, गोष्ट कशाला पाहिजे?’ भाचा म्हणाला.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. आमच्याकडे कुणाचे पाचशे रुपये बुडीत खाती टाकायचे म्हटले तरी अर्ज, शेरे, सह्या, वर साहेबांच्या कपाळावर आठी. इथे पृथ्वीभरची माणसं सुरुवातीलाच बुडीत खाती! ना नाव, ना गाव, ना जामीनदार. वर ते भग्न शहर इतकं देखणं, की पुन्हा वसूच नये असं वाटावं. मला खटकलं ते हे. पिंगुळीच्या चित्रकथीतली चित्रं साधी, ठरावीक ठेवणीची. पण शेजारी गाणारा असतो, तो चित्रातल्या माणसाचं दुःख सांगितल्याशिवाय पुढचं चित्र काढत नाही.

१९७२ च्या दुष्काळात वडील चौदा वर्षांचे, खडी फोडायला जायचे. त्यांना विचारा, आभाळाचा रंग, जमिनीच्या भेगा यांतलं काही सांगत नाहीत. सांगतात ते अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीचं. थापताना ती तुटायची, आणि एखादी अख्खी निघाली की ती कुणाला, यावरून भावाभावांत जुंपायची. आजी तुकड्यांवर भागवायची.

तेच पुस्तक वडिलांनी चष्मा लावून सगळं पाहिलं. चित्रांना मान डोलावली. मग एका पानावर बोट ठेवून नातवाला विचारलं, ‘हे लोक खातेत काय रे?’

‘थांबा आजोबा, बघतो,’ म्हणून तो पानं उलटायला लागला.