गर्जना आणि जाब

12 डिसेंबर 1993 रोजी रशियात नव्या राज्यघटनेवरील सार्वमत आणि ड्यूमा या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक एकाच दिवशी झाली, आणि मतमोजणीत व्लादिमीर झिरिनोव्स्की यांच्या कडव्या राष्ट्रवादी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने पक्षयाद्यांच्या मतांपैकी सुमारे 23 टक्के मते मिळवून अन्य सर्व पक्षांना मागे टाकले. ज्यांची आयुष्यभराची पुंजी महागाईने गिळली होती, ज्यांचे पगार महिनोन्‌महिने थकत होते आणि ज्यांचे साम्राज्य दोन वर्षांपूर्वी डोळ्यांदेखत लयास गेले होते, अशा माणसांचा तो कौल होता; त्यांना माथेफिरू ठरवून मोकळे होणे हा त्यांच्या दुःखाचा अवमान होय. मात्र त्या दुःखाला झिरिनोव्स्की यांनी दाखविलेली वाट भयंकर होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, रशियन सैनिक हिंदी महासागराच्या पाण्यात बूट धूत आहेत, असे स्वप्न त्यांनी रंगविले. त्या महासागराच्या काठी राहणाऱ्या आम्हांला तरी तो निव्वळ वाचाळपणा म्हणून सोडून देता येत नाही.

तथापि या पक्षाच्या भाषणांहून त्याचे मतदान मला अधिक विचारणीय वाटते. अध्यक्षाच्या हाती अफाट अधिकार सोपविणाऱ्या त्या राज्यघटनेला झिरिनोव्स्की यांचा पाठिंबा होता. पुढे मे 1999 मध्ये अध्यक्ष येल्त्सिन यांच्यावरील महाभियोगाचे पाच आरोप ड्यूमापुढे आले, तेव्हा चेचन्यातील युद्धाच्या आरोपाला 283 मते पडली. मंजुरीस 300 हवी होती, आणि झिरिनोव्स्की यांचा गट मतदानापासून दूर राहिला. चेचन्यावरील स्वारीला या पक्षाचा पाठिंबाच असल्यामुळे त्या एका आरोपापुरते त्याचे वर्तन सुसंगत म्हणता येईल. पण सोव्हिएत संघाचे विघटन हाही त्या पाचांपैकीच एक आरोप होता, आणि त्याच विघटनाच्या शोकावर तर या पक्षाने मते मागितली होती!

पुतिन यांच्या अमदानीत हा शिरस्ता पक्का झाला. 450 जागांच्या ड्यूमात पक्षाला 2011 साली 56 व 2016 साली 39 जागा मिळाल्या, परंतु मंत्र्यांवर आग पाखडावयाची आणि मोठ्या निर्णयाच्या वेळी सरकारला साथ द्यावयाची, ही रीत ढळली नाही. असा विरोधक सत्तेला सोयीचा असतो. रयतेचा रोष त्याच्या मुखाने सभागृहात पोचतो खरा, परंतु दरबाराला जाब विचारण्यापूर्वीच विरून जातो.

रोष मात्र खोटा नसतो. सप्टेंबर 2018 मध्ये मॉस्कोपासून सुमारे 6000 किलोमीटर दूर असलेल्या खाबारोव्स्क प्रांतात या पक्षाचे सेर्गेई फुर्गाल सुमारे 70 टक्के मते घेऊन गव्हर्नर झाले. जुलै 2020 मध्ये जुन्या खुनांच्या आरोपावरून त्यांना अटक करून मॉस्कोला नेण्यात आले, तेव्हा हजारो नागरिक प्रांतिक सरकारच्या कचेरीसमोरील लेनिन चौकात जमले आणि पुढे दर शनिवारी जमत राहिले. आमच्या माणसाचा खटला आमच्या शहरात, उघडपणे चालवा, एवढी साधी आणि न्याय्य मागणी ते करीत होते. झिरिनोव्स्की यांनी ड्यूमात संतप्त भाषण केले. पुतिन यांनी फुर्गाल यांना बडतर्फ करून त्याच पक्षाच्या, पण त्या प्रांताबाहेरच्या, मिखाईल देग्त्यार्योव्ह यांना हंगामी गव्हर्नर नेमले आणि पक्षाने ती नेमणूक मान्य केली. लोकांनी ती मान्य केली नाही; पक्षाने हात काढून घेतल्यावरही ते महिनोन्‌महिने रस्त्यावर येत राहिले, आणि प्रतिनिधींहून त्यांचे मतदारच मला अधिक थोर वाटतात. फेब्रुवारी 2023 मध्ये मॉस्कोजवळील ल्युबेर्त्सी येथे फुर्गाल यांना 22 वर्षांची सजा फर्मावण्यात आली. तोवर झिरिनोव्स्की निवर्तले होते, पक्षाची सूत्रे लिओनिद स्लुत्स्की यांच्याकडे गेली होती, आणि ड्यूमात 21 जागांवर आलेला हा पक्ष युक्रेनवरील युद्धाचा पुरस्कार करीत होता.