सही कुणाची?

श्रावणात दिवाळी अंकांच्या चित्रांसाठी फोन सुरू होतात. तीस वर्षं मी हे काम करतो आहे. नोकरी कुठेच केली नाही. यंदा एका संपादकांचा मेल आला. सोबत एक विनोदी कथा आणि तिच्यावरची सहा चित्रं, तयार. एआयकडून काढून घेतलेली. माणसांची बोटं आणि पाट्यांवरची अक्षरं तेवढी बिघडली आहेत, ती दुरुस्त करून द्या. मानधन नेहमीच्या निम्मं. चित्रांखाली नाव तुमचंच जाईल, असा मजकूर होता.

राखीपौर्णिमेला बहीण आली, तिच्याबरोबर भाचीही. भाची मुंबईत अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत क्लीन-अप करते, म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या कच्च्या रेघा पक्क्या करते. मी तिला मेल दाखवला.

"घे की मामा. सहा चित्रांची बोटं नीट करायला तुला एक दुपार लागेल. एरवी सहा चित्रांत तुझा आठवडा जातो. निम्मे पैसे आणि एक दुपार."

"हिशोब मीही केला. पैशाच्या बाजूने 'नाही' म्हणायला जागाच नाही."

"मग अडतंय कुठे?"

"सहीपाशी. जे मी काढलेलं नाही, त्याच्याखाली माझं नाव कसं घालू?"

"आयपॅडवर तुझी रेघ थरथरली की अ‍ॅप ती गुळगुळीत करतं. ती तू काढलेली का? आणि टाकाने काढायचास तेव्हा चुकलेल्या रेघेवर पांढरा पोस्टर कलर लावायचास, ब्लेडने शाई खरवडायचास. आईने सांगितलंय मला."

"मी हाताच्या शुद्धतेचा आग्रह कधीच धरला नाही. काचेखाली दिवा ठेवून कच्चं चित्र गिरवलंय, फोटो समोर ठेवून गाड्या काढल्यात. पण अ‍ॅप माझ्या रेघेवर काम करतं. रेघ आधी असावी लागते. मी वापरतो ते प्रोक्रिएट बनवणाऱ्यांनी ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केलं की चित्र काढून देणारं एआय आम्ही आमच्या अ‍ॅपमध्ये घालणार नाही. हत्यार बनवणाऱ्यालाही हा फरक कळला."

"हत्यार तू विकत घेतोस, संपादक नाही. ते तुला आवडेल तेच बोलणार."

यावर मला उत्तर सुचलं नाही. मी तिला तिच्याच क्षेत्रात नेलं. डिस्नेच्या स्टुडिओत अ‍ॅनिमेटरची पेन्सिलची रेघ पारदर्शक सेलवर शाईने गिरवली जायची. 1961 च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'मध्ये झेरॉक्सचं तंत्र आलं आणि पेन्सिलची रेघ थेट सेलवर उतरली. वॉल्ट डिस्नेला ती खरबरीत रेघ आवडली नव्हती. पण त्या चित्रपटात काढणाऱ्याच्या हाताचा जोर दिसतो. "यंत्राने तिथे रेघ नेऊन पोचवली," मी म्हणालो, "इथे ते रेघेच्या जागी येऊन बसलंय. मला हाच फरक धरायचाय."

"आणि शाईने गिरवायचं कोण?"

"बहुतेक बायका."

"त्यांचं काय झालं?"

"पुष्कळ जणींचं काम गेलं."

"त्यांच्या रेघेला तू रेघ म्हणत नाहीस, मामा. का, तर खाली त्यांची सही नव्हती. त्यांची रेघ गेली तेव्हा काढणाऱ्याचा हात मोकळा झाला म्हणतोस, आणि तुझी जायची वेळ आली की कला बुडते. मी रोज तेच काम करते. ज्याच्या रेघा पक्क्या करते तो माणूस दुसऱ्या देशात आहे, मी त्याला कधी पाहिलेलं नाही. माझं नाव कुठे येत नाही. मग मी करते ते काय? दुरुस्तीच ना?"

मी बराच वेळ गप्प होतो. तिचं म्हणणं माझ्या सगळ्या मांडणीच्या पायाशी जात होतं. चित्र म्हणजे एकाचं चित्र, हे मी कधी तपासलंच नव्हतं. मी म्हणालो, "तुझ्या समोरची कच्ची रेघ कुणीतरी विचार करून काढलेली असते. हात असा का वळला, हे तू त्या रेघेतून ओळखतेस आणि मग ती पक्की करतेस. माझ्या समोरच्या चित्रात ओळखायला कुणी नाही."

"हे तुला माहीत आहे म्हणून. नसतं सांगितलं तर?"

"तरी कळलं असतं. ये, बघ."

मी तिसरं चित्र उघडलं. कथेत आजी माजघरात विळीवर भोपळा चिरत नातवाला दटावते आहे. चित्रातल्या आजीला नऊवारीसारखं काहीतरी नेसवलं होतं, पण काष्टा नव्हता. ती मांडी घालून बसली होती आणि समोर फळीवर एक सुरी उभी रोवलेली होती.

"बोटं दुरुस्त करून हे चित्र नीट होईल का?" मी विचारलं. "विळीवर बसायचं म्हणजे एका पायाने पाट दाबायचा, गुडघा वर घ्यायचा, दोन्ही हातांनी भाजी धरून पात्यावर लोटायची. तसं बसता येतं ते काष्ट्यामुळे. माझी आजी अशी बसून बोलायला लागली की हात थांबायचे नाहीत, फक्त मान वळायची. त्या मानेतच दटावणं होतं. हे मला कथा वाचताना सुचलं नव्हतं. मेल आल्यावर उगाच कागदावर आजी काढायला घेतली, गुडघा वर आला, मग खांदा तिरका झाला, मग मान आपोआप वळली. चित्र काढताना मी विचार करतो. तयार चित्र समोर आलं की तो विचार व्हायची वेळच निघून जाते."

तिने माझा कागद बराच वेळ पाहिला. "हे चांगलं आहे," ती म्हणाली. "पण ही आजी तू शब्दांत सांगितलीस आणि मला ती दिसली. हेच शब्द एआयला सांगितले तर? विळी, काष्टा, गुडघा, मान. दहा वेळा सांगशील, अकराव्यांदा जमेल. मग कल्पना तुझी, मान तुझी, सही तुझी. शि. द. फडणीसांचं ते चित्र आठव, तरुणीच्या साडीवर उंदीर आणि तरुणाच्या शर्टावर मांजरं. मी आत्ता एका वाक्यात सांगितलं आणि तू हसलास."

"हसलो, कारण मी ते चित्र लहानपणी पाहिलंय. त्यात एक शब्द नाही."

"हे उत्तर नव्हे."

नव्हतंच. आजही माझ्याकडे याचं पुरतं उत्तर नाही. मी एवढंच म्हणू शकलो की मान मला शब्दांत सापडली नव्हती, हातात सापडली, आणि सापडल्यावर मी तिला शब्द दिले. हात थांबवून नुसतं सांगत बसलो तर पुढची मान कुठून येईल, मला ठाऊक नाही. ती म्हणाली, हे तुझ्यापुरतं खरं आहे. असेल.

मग मी दुसरीकडून आलो. एआय हे सगळं शिकलं कुठून? आमच्यासारख्यांच्या चित्रांवरून, न विचारता.

"तू सरवट्यांची चित्रं गिरवून शिकलास. पु. लं.च्या पुस्तकांवरची. त्यांना विचारलं होतंस?"

"नाही. पण ती कुणाची आहेत हे मला माहीत होतं, आजही भेटेल त्याला सांगतो. ते ऋण आहे."

"सांगतोस, पण दिलंस काय?"

"पुस्तकं विकत घेतली. आणि मी एका हाताने शिकलो, माझ्यामुळे त्यांचं एकही काम गेलं नाही. इथे ज्यांच्यावरून शिकलं त्यांनाच निम्म्या मानधनावर बोटं पुसायला बसवलंय."

या एका ठिकाणी ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "हे मान्य. पण मग तुझं भांडण पैशाशी आहे, कलेशी नाही. तसं सरळ सांग."

दोन्हींशी आहे. नोकरीशिवाय काम करणाऱ्याला ती वेगळी करता येत नाहीत. माझ्याकडे पगार नाही, फंड नाही. एक चित्र पाहून दुसरं काम येतं आणि ते नावावर येतं. भारतातल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. ती व्यक्ती मी नाही. सूचना संपादकांनी दिल्या आहेत. त्या चित्रांखाली माझं नाव आलं तर वाचकाला खोटं सांगितल्यासारखं होईल, आणि पुढच्या वर्षी मला पुन्हा दुरुस्तीचंच काम येईल.

रात्री संपादकांना उत्तर लिहिलं. दुरुस्ती करणार नाही. तुम्ही देऊ केलेल्या पैशांत तीन चित्रं नव्याने काढून देतो, पैकी एक विळीवरच्या आजीचं. उरलेली तीन तुमच्याकडची वापरायची असतील तर त्यांच्याखाली माझं नाव नको, ती कशी तयार झाली ते छापा. चार दिवसांनी त्यांनी आजीचं चित्र तेवढं मागवलं. ते मी पाठवलं आहे.

त्या दिवशी निघताना भाची म्हणाली होती, लिहिणार असशील तर क्लीन-अप करणाऱ्यांचंही लिही. लिहितो आहे. दिवाळी अंक हातात आला की चित्राखालचं नाव वाचा. नाव नसेल तर संपादकांना एक पत्र टाकून विचारा, हे कुणी काढलं, कुणाच्या हाताने पक्कं केलं. अशी पंचवीस पत्रं गेली तरी पुढच्या वर्षी नावं छापावी लागतील.