संमती आणि सोबत

गेल्या वर्षी इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका भगिनीचा दूरध्वनी आला. ती आमच्याच धर्मग्रामात लहानाची मोठी झाली. तिचे लेकरू सतरा वर्षांचे आहे. जन्माने मुलगी, परंतु आपण मुलगा आहोत असे ते गेली तीन वर्षे सांगत आहे. अठरा पूर्ण होण्यापूर्वीच वयात येणे थोपवणारी औषधे सुरू करावीत, तेथे मिळत नसतील तर बाहेरून आणावीत, असा त्याचा आग्रह. "फादर, हो म्हटलं तर माझ्या हातून पाप घडेल, नाही म्हटलं तर लेकरू हातचं जाईल. मी काय करू?" मी तिला प्रार्थनेचे आश्वासन दिले आणि फोन ठेवला. ते उत्तर अपुरे होते, ही टोचणी मनात राहिली.

प्रथम औषधाविषयी. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे काम ही औषधे रोखून धरतात. त्यामुळे शरीरात लैंगिक संप्रेरके तयार होणे थांबते. एखादी लहान बालिका अकाली वयात येऊ लागली, तर डॉक्टर हीच औषधे देतात. प्रोस्टेटच्या कर्करोगातही देतात. त्यात वावगे काही नाही. औषध स्वतः पापी नसते आणि पुण्यवानही नसते. म्हणूनच आपले नीतिशास्त्र तीन प्रश्न विचारते: कृती कोणती, हेतू कोणता आणि परिस्थिती कोणती?

येथे परिस्थिती फार बोलकी आहे. विचार करण्यास उसंत मिळावी, हे या औषधांचे कारण सांगितले जाते. बारा वर्षांच्या मुलाबाबत ते निदान समजून घेता येते. सतराव्या वर्षी शरीराची ती वाट बहुतेक चालून झालेली असते. मासिक पाळी थांबेल, पण झालेली वाढ मागे फिरत नाही. आणि हाडे बळकट होण्याच्या वयात त्यांचा आधार मात्र काढून घेतला जातो. लंडनमधील एका अभ्यासात ही औषधे घेतलेल्या ४४ मुलांपैकी ४३ जणांनी पुढे विरुद्ध लिंगाची संप्रेरके घेण्याचे ठरवले. निवड अचूक होती, असा अर्थ काही जण लावतात. पहिले पाऊलच पुढची वाट ठरवते, असा इतर लावतात. उत्तर कोणतेही असो, या विरामाला निरुपद्रवी समजून चालणार नाही.

मग संमती कोणाची? या प्रश्नावर इंग्लंडमध्ये मोठा इतिहास घडला आहे. व्हिक्टोरिया गिलिक ही दहा मुलांची कॅथोलिक आई. सोळा वर्षांखालील मुलींना आईवडिलांच्या नकळत गर्भनिरोधाचा सल्ला देऊ नये, म्हणून ती सर्वोच्च पातळीपर्यंत लढली आणि १९८५ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी हरली. पुरेशी समज असलेले मूल स्वतः संमती देऊ शकते, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले. पुढे किरा बेल या तरुणीने न्यायालयात दाद मागितली. सोळाव्या वर्षी तिला ही औषधे मिळाली, नंतर पुरुषी संप्रेरके, विसाव्या वर्षी स्तनांची शस्त्रक्रिया. मग तिला पश्चात्ताप झाला. २०२० मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला आणि संमतीचा निर्णय न्यायाधीशांनी नव्हे, डॉक्टरांनी करावा असे ठरवले. एप्रिल २०२४ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांनी आपला अहवाल सादर केला. या उपचारांचा पुरावा दुबळा आहे, असे त्यांनी म्हटले. पण या मुलांची दखल पुरेशी घेतली गेली नाही, हेही म्हटले. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील सरकारने अठरा वर्षांखालील मुलांना या कारणासाठी खाजगीरीत्या औषध लिहून देण्यावरील बंदी बेमुदत केली.

न्यायालये संमतीची सीमारेषा आखतात. त्यापलीकडचे काम त्यांचे नव्हे. किरा बेलची तक्रार आपण आईवडिलांनी व धर्मगुरूंनी नीट ऐकावी: आपल्याला पुरेसे प्रश्न विचारले गेले नाहीत, असे ती म्हणते. प्रश्न विचारण्यासाठी जवळ बसावे लागते. मुलाचे रडणे थांबावे म्हणून जो सही करतो, तो जवळ बसत नाही. आणि लोक काय म्हणतील म्हणून जो दार लावून घेतो, तोही बसत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. २०२४ च्या 'दिग्नितास इन्फिनिता' या दस्तऐवजानुसार शरीर ही देवाची देणगी आहे आणि लिंगबदलाच्या हस्तक्षेपाने माणसाच्या प्रतिष्ठेला सामान्यतः धोका पोहोचतो. त्याच रोममधून ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेले उत्तरही विसरू नये: अशा किशोरवयीन मुलांची चांगली तयारी झाली असेल व त्यांची इच्छा असेल, तर त्यांना स्नानसंस्कार देता येतो. ज्याच्या कृतीला आपण नकार देतो, त्याच्या हातातला हात सोडायचा नाही.

मी त्या भगिनीला पुन्हा फोन केला. "औषध बाहेरून आणू नकोस," असे स्पष्ट सांगितले; वैद्यकीय देखरेखीशिवाय घेतलेले औषध कोणाच्याच हिताचे नाही. "पण नाही म्हणून तेथेच थांबू नकोस. डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जा. त्याचे दुःख नाटक नाही. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर क्षणभरही थांबू नकोस, मदत माग. थोड्याच दिवसांनी कायद्याने निर्णय त्याचा होईल. त्या दिवशी तुझ्याशी बोलावेसे त्याला वाटले पाहिजे." बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "फादर, नाताळात आम्ही गावी येतोय. त्याला मिस्साला आणू ना?"

हा प्रश्न माझ्या एकट्यासाठी नव्हता. आपल्या बाकावर त्या लेकराला कोणी जागा देईल का, की माना वळतील आणि कुजबुज सुरू होईल?

बारा वर्षांचा येशू जेरुसलेमच्या मंदिरात सापडला, तेव्हा मरिया व योसेफ यांनी त्याला तीन दिवस शोधले होते. त्याचे उत्तर त्यांना उमगले नाही. तरी ते त्याला घेऊन नाझरेथला परतले आणि मातेने सारे अंतःकरणात जपून ठेवले. न उमगलेल्या लेकराला घरी घेऊन येणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.