कठीण पाते आणि आवृत्तीचा प्रश्न

साधना किती वेळा करायची, हा प्रश्न ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या अगदी तोंडाशीच येतो. श्रवण, मनन, निदिध्यासन एकदा केले की भागले, की ते पुन्हा पुन्हा करायचे? माळेच्या मण्यांनी आणि नाम लिहून भरलेल्या वह्यांनी त्याचे व्यवहारी उत्तर केव्हाच देऊन टाकले आहे: जितके जास्त तितके चांगले. शंकराचार्यांचे उत्तर निराळे आहे, आणि ते समजून घ्यायला घडीच्या चाकूला धार लावण्याइतका चांगला दाखला मला दिसत नाही. चाकू मात्र हल्लीच्या अतिकठीण पोलादाचा हवा.

एस९०व्ही हे असे एक पोलाद. त्यात सुमारे ९ टक्के व्हॅनेडियम आणि २.३ टक्के कार्बन असतो, आणि दोहोंच्या संयोगातून पात्यात व्हॅनेडियम कार्बाइडचे सूक्ष्म कण तयार होतात. विकर्स मापाने त्यांची कठिणता २६०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त, तर नेहमीच्या निसण्यातल्या अॅल्युमिनियम ऑक्साइडची साधारण २१००. म्हणजे दगडच कणांहून मऊ. असे पाते त्या निसण्यावर घासत बसले तर कणांभोवतीचे पोलाद तेवढे झिजते, कण जवळजवळ जसेच्या तसे राहतात. हात भरून येतात, पण मनाजोगी धार येत नाही. दोनशे वेळा घासा नाहीतर दोन हजार वेळा. हिऱ्याची भुकटी बसवलेली पाटी घेतली की तेच काम थोडक्यात होते. झाले हे कळते कशावरून? एका बाजूने घासता घासता काठाचे पोलाद वळते आणि दुसऱ्या बाजूला केसासारखी कड उभी राहते. अंगठा पात्यावरून हलकेच काठाबाहेर सरकवला की ती अडते. मुठीपासून टोकापर्यंत ती सलग लागली, की त्या बाजूचे घासणे संपले. मध्ये बोटभर जागा सुटली असेल तर तिथे धार नाही, आकडा काहीही असो.

आचार्यांनी भाष्यात दाखला दिला तो कांडणाचा. भात कांडायचे ते तांदूळ निघेपर्यंत. मुसळाचे घाव मोजायचे नसतात. जिथे फळ प्रत्यक्ष दिसते तिथे आवृत्तीची हद्द ते फळच ठरवते. एकदा ऐकून ज्याला उमगले त्याला पुन्हा ऐकणे नको, ज्याला उमगले नाही त्याला हवे. यावर कोणी म्हणेल, ही आळशाला मोकळीकच झाली. ‘मला एकदाच ऐकून कळले’ असे कोणीही म्हणू शकतो. म्हणू शकतो, पण अंगठ्याखालची कड खोटे बोलत नाही, आणि लाख जप पुरा झाल्याचा आकडा बोलू शकतो. कसोटी सैल आहे ती संख्येची. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अग्निहोत्रासारख्या कर्माचे फळ अदृष्ट असते, तिथे शास्त्राने सांगितले तेवढेच करायचे. हे खरेच, आणि आचार्यही हा भेद मानतात. पण ज्ञान हे अदृष्ट फळ नव्हे. नामजपातली मोजदाद चंचल मनाला खुंटीला बांधते, हेही मान्य. मात्र खुंटी म्हणजे चारा नव्हे. आणि दाखला एका जागी लंगडा पडतो, तेही सांगून टाकतो. धार पुन्हा बोथटते. अद्वैताच्या मते एकदा झालेले ज्ञान बोथटत नाही.

तरी एक मुद्दा उरतोच, दगडाचा. फळ दिसत नसेल तर पुष्कळदा दोष घासण्याच्या कमतरतेचा नसून निसण्याच्या निवडीचा असतो, आणि कठीण बुद्धीच्या माणसाला ‘अजून कर, अजून कर’ एवढेच सांगणारा गुरू मऊ दगड पुढे करत असतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालकाने आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, एकच उपदेश नऊ वेळा केला म्हणून आवृत्तीचे समर्थक त्याचे नाव घेतात. तो प्रसंग उघडून पाहावा. प्रत्येक खेपेला दाखला वेगळा आहे: मधमाशा, नद्या, वडाचे फळ, पाण्यात विरघळलेले मीठ, डोळे बांधून गांधारातून आणलेला माणूस. नववा दाखला तापलेल्या कुऱ्हाडीचा, आणि त्यानंतर श्वेतकेतूला कळले एवढे सांगून छांदोग्याचा सहावा अध्याय संपतो.