उष्टावण आणि पहिल्या घासाचा धर्म

ज्याला निवड करता येत नाही, अशा जिवाच्या मुखी पहिले अन्न घालताना मोठ्यांवर कोणते दायित्व येते, हा प्रश्न अन्नप्राशन संस्काराच्या मुळाशी आहे. अन्नप्राशन, म्हणजे आईच्या दुधाखेरीज पहिला घास भरवण्याचा विधी, मराठी घरांत उष्टावण म्हणून ओळखला जातो आणि तो घास बहुधा मामाच्या हातून, खिरीचा असतो. वसईच्या खाडीकाठी वसलेल्या नायगावात, कोळी-आगरी वस्तीत आणि स्थानकाच्या पूर्वेला नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांत, विधीचे रूप सारखे नाही, ख्रिस्ती घरांत तर तो संस्कार म्हणून नाहीच. परंतु बाळाला सहा महिने पूर्ण झाले आणि केवळ दुधातून मिळणारे लोह व ऊर्जा अपुरी पडू लागली, की काय शिजवावे हा विचार सर्व घरांना सारखाच करावा लागतो.

गृह्यसूत्रे, म्हणजे घरगुती संस्कारांचे नियम सांगणारे वैदिक ग्रंथ, या बाबतीत समजले जातात त्याहून बरेच मोकळे आहेत. आश्वलायन आणि पारस्कर हे दोघेही सूत्रकार सहावा महिना सांगतात, पण अन्न मात्र इच्छित फळानुसार बदलते: आश्वलायनाच्या मते तेजासाठी तूपभात, तर पारस्कराच्या मते चपळाईसाठी मासे. काश्यपसंहिता हा बालचिकित्सेचा आयुर्वेदीय ग्रंथ सहाव्या महिन्यात फळे आणि धान्य त्याहून उशिरा, दहाव्या महिन्यात द्यायला सांगतो. शास्त्रकारांनी एकच पवित्र पदार्थ ठरवून दिलेला नाही. खाणाऱ्याला मानवेल ते अन्न, हाच त्यांच्या विचाराचा आधार दिसतो.

म्हणूनच दही, मध आणि तूप कालवून पहिला घास द्यावा या आश्वलायनाच्या सूचनेतील मध आज वगळला पाहिजे, कारण मधात असू शकणारे बोटुलिनम जिवाणूचे बीजाणू वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पाडणारे विष निर्माण करू शकतात. मध काढल्याने संस्कार उणा होत नाही. उलट, बाळाला अपाय होईल हे ठाऊक असताना तो चाटवणे, हाच संस्काराचा भंग आहे. नायगावच्या मिठागरांच्या परिसरातही वर्षभर बाळाचे खिमट, म्हणजे तांदूळ व मूगडाळ मऊ शिजवून घोटलेले अन्न, आळणीच असावे, हे याच न्यायाने ठरते.

तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्लीत भृगूला तपाने पहिला बोध होतो तो अन्न हेच ब्रह्म असल्याचा, आणि मग प्राण, मन, विज्ञान या पायऱ्यांनी तो आनंदापर्यंत पोचतो. लक्षणीय हे, की आनंदाशी पोचल्यावर ग्रंथ थांबत नाही, तो पुन्हा अन्नाकडे वळतो आणि अन्नाची निंदा करू नये, ते विपुल पिकवावे, दारी आलेल्याला परत पाठवू नये, अशी व्रते सांगतो. छांदोग्य उपनिषदात पंधरा दिवस उपाशी राहिलेल्या श्वेतकेतूला पाठ असलेले वेदही आठवत नाहीत, आणि मन अन्नावर उभे असते हे त्याला स्वतःच्या देहातून कळते. या दृष्टीने पाहता नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून आणि वस्त्रगाळ करून पीठ तयार करणे हे केवळ काटकसरीचे काम राहत नाही. मोड येताना धान्यात तयार होणारी विकरे, म्हणजे पदार्थाचे विघटन करणारी द्रव्ये, पिष्ट फोडतात, त्यामुळे पेज पातळ राहते आणि तिच्यात अधिक पीठ मावते. लहानशा पोटात अधिक ऊर्जा जाते आणि नाचणीतील भरपूर कॅल्शियमही मिळते. ही रीत जपणाऱ्या आजीचे ज्ञान मंत्राइतकेच आदराचे आहे.

बाळाच्या तयार आहाराच्या जाहिरातीवर 1992 च्या कायद्यात 2003 मध्ये झालेल्या दुरुस्तीने बंदी घातली आहे, तरी घरचे अन्न शिजवायला धान्य, इंधन आणि आईला सवड लागते, आणि ती प्रत्येकीजवळ नसते. तो मूळ कायदा झाला त्याच 1992 मध्ये, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली. भृगुवल्लीचे व्रत स्वतःच्या उंबरठ्यापुरते पाळता येत नाही. म्हणून ज्या घरी उष्टावण आहे, त्या घराने जवळच्या अंगणवाडीतील मुलांच्या ताटात काय पडते याची चौकशी करावी आणि कमी असेल तेथे आपला वाटा द्यावा.