संचिताची टाकी

केलेलं पाप धुऊन निघतं का, या प्रश्नाला आपल्याकडे तीर्थस्नान, व्रत, दान अशी कितीतरी उत्तरं दिली गेली आहेत. ती तपासायला अवकल समीकरणांच्या पुस्तकातली मिश्रणाची टाकी फार कामाची आहे, असं मला वाटतं. वाळपईतल्या एखाद्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. दाबोसच्या प्रकल्पात शुद्ध झालेलं म्हादईचं पाणी मिनिटाला दहा लिटर तिच्यात पडतं आणि तेवढंच खालच्या नळातून जातं. आत वीस किलो मीठ विरघळलेलं आहे. पाणी सतत ढवळलं जात असेल, तर दर मिनिटाला असलेल्या मिठाचा शंभरावा भाग या वेगाने मीठ बाहेर पडत राहतं. समीकरण सोडवलं की कळतं, गोड्या पाण्याने ६९ मिनिटांत मीठ निम्म्यावर येतं, पाच तासांनी जेमतेम किलोभर राहतं. शून्य मात्र कधीच होत नाही. उलट येणाऱ्या लिटरमागे पाच ग्रॅम मीठ असेल, तर आरंभी वीस किलो असो वा काहीच नसो, टाकी पाच किलोकडेच जाते.

वेदान्ताच्या भाषेत आधीचं मीठ हे संचित, नव्याने येणारं क्रियमाण आणि भोगून सरणारं ते प्रारब्ध. मग निकाल क्रियमाणावर ठरतो. एका स्नानाने टाकी अर्धी रिकामी झाली, तरी वागणं तेच राहिलं तर ती पुन्हा पाच किलोवर येणारच. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायातही ज्ञानानंतर पुढचं पाप चिकटत नाही आणि मागचं नष्ट होतं, या दोन गोष्टी एकाच सूत्रात येतात. पहिली सोडून दुसरी मागणं मला अप्रामाणिक वाटतं.

कोणी म्हणेल, गीता तर ज्ञानाग्नीने सगळं कर्म भस्म होतं असं सांगते, आणि समीकरणात शून्य नाही. खरं आहे, कर्तेपणच गळून पडणं हे समीकरणाच्या आवाक्यातलं नव्हे. पण फळ द्यायला लागलेलं कर्म ज्ञान्यालाही भोगूनच संपवावं लागतं, हे तीच ब्रह्मसूत्रं मान्य करतात. याहून अवघड आक्षेप वेगळा आहे: मन सारखं ढवळलं जात नाही. टाकीचा नळ तळापासून चार बोटं वर असतो. पावसाळ्यातला तांबडा गाळ त्याच्या खाली बसतो आणि वरून स्वच्छ पाणी वाहत राहतं. संस्कार असेच बसलेले असतात, म्हणून नुसत्या नव्या सत्कर्मांनी ते हलत नाहीत. गाळ ढवळावा लागतो आणि तेवढा वेळ नळाला गढूळ पाणी येणार, हे सोसावं लागतं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीचे उपाय सांगताना पाप उघडपणे बोलून दाखवणं सर्वांत आधी येतं, मग अनुताप. दान शेवटी येतं, आणि तेही आपत्काळापुरतं.